अंध आणि कर्णबधिर मुलांच्या उपक्रमांसाठी अनुदान : पुण्यातील संस्थांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, पिंपरी-चिंचवड आणि जिल्ह्यातील तालुक्यांत अंध, अल्पदृष्टी किंवा कर्णबधिर मुलांसाठी शाळा, वसतिगृह, बालवाडी किंवा घरभेटीचा उपक्रम चालवणाऱ्या आणि सुरू करू पाहणाऱ्या संस्थांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. निधी देणारे कमी नाहीत. अर्ज अडतो तो बहुतेकदा कागदांपाशी. मंजूर झालेला प्रकल्प दुसऱ्या वर्षी कोलमडतो, कारण पुन्हा पुन्हा येणारा खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसतो. म्हणून या दोन गोष्टींवर इथे जास्त लिहिले आहे.

आमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे. एवढ्यावर अर्ज करता येतो का?

नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालची नोंदणी म्हणजे संस्था अस्तित्वात असल्याचा पुरावा. दिव्यांग मुलांसाठी संस्था चालवायला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५० प्रमाणे स्वतंत्र नोंदणी प्रमाणपत्र लागते. ते राज्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडून मिळते. त्याला मुदत असते आणि मुदत संपायच्या किमान साठ दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा लागतो. ही तारीख संस्थेच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. प्रस्ताव छाननीत असताना प्रमाणपत्राची मुदत संपली, तर तो अर्ज अपूर्ण धरला जातो.

याखेरीज लागते ते असे : संस्थेचे पॅन, प्राप्तिकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा युनिक आयडी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आणि कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीसाठी जायचे असल्यास सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक. शिकवणाऱ्या प्रत्येक विशेष शिक्षकाचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांकही जोडावा लागतो. शिक्षकाने डी.एड. किंवा बी.एड. विशेष शिक्षण केले आहे पण परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण केलेले नाही, असे अनेक शाळांत आढळते. तपासणीत तो शिक्षक पात्र धरला जात नाही आणि त्याचा पगार मान्य खर्चातून वगळला जातो.

शेड्यूल वनच्या उताऱ्यावर (धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या नोंदीचा उतारा) जुन्या विश्वस्तांची नावे आहेत. त्यामुळे काही बिघडते का?

बिघडते, आणि अर्ज रखडण्याचे हे एक मोठे कारण आहे. कार्यकारिणी बदलली की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाची माहिती देणारा अर्ज) धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा असतो. तो दाखल केलेला नसतो, किंवा दाखल होऊन वर्षानुवर्षे प्रलंबित असतो. मग उताऱ्यावर एक अध्यक्ष, बँकेत सह्या करणारा दुसरा आणि दर्पण पोर्टलवर तिसराच अशी स्थिती होते. छाननी करणारा अधिकारी चार कागद शेजारी ठेवतो आणि नावे जुळत नाहीत म्हणून फाइल परत पाठवतो.

चेंज रिपोर्ट प्रलंबित असेल तर त्याचा क्रमांक, दाखल केल्याची पोच आणि सध्याच्या विश्वस्तांच्या निवडीचा ठराव एकत्र जोडा. त्यासोबत एक पानी खुलासा द्या. काही देणगीदार हे मान्य करतात, काही करत नाहीत. पण न सांगता अर्ज केला आणि पुढे ते उघडकीस आले, तर विश्वास कायमचा जातो.

नावाच्या स्पेलिंगकडेही लक्ष द्या. संस्थेच्या घटनेत ‘मंडळ’, पॅनवर ‘मंडल’ आणि बँकेत ‘ट्रस्ट’ असेल तर पोर्टल पडताळणीच होऊ देत नाही. आधी पॅन दुरुस्त करा, मग बाकीचे.

प्रस्तावात कोणते शब्द वापरावेत? ‘मूकबधिर’ चालेल का?

शाळेच्या नोंदणीकृत नावात तो शब्द असेल तर नाव तसेच लिहा. टिळक रस्त्यावरच्या रुईया मूकबधिर विद्यालयासारख्या जुन्या संस्थांच्या नावांत तो आहेच. मुलांबद्दल लिहिताना मात्र ‘कर्णबधिर’ लिहा. ही मुले मुकी नसतात. त्यांना ऐकू येत नाही म्हणून बोली भाषा आपसूक मिळत नाही, आणि वेळेवर भाषा दिली तर ती बोलतात, खुणांनी संवाद साधतात किंवा दोन्ही करतात.

कायद्यातली मोजमापे जशीच्या तशी द्या. बोलण्याच्या वारंवारितेत दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त श्रवणऱ्हास म्हणजे कर्णबधिर, आणि ६० ते ७० डेसिबल म्हणजे ऊनश्रवण. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी, किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. ६/१८ च्या खाली पण ३/६० पर्यंत दृष्टी असेल तर अल्पदृष्टी. तुमच्या पन्नास मुलांपैकी किती कोणत्या गटात बसतात याचा तक्ता द्या. ‘पन्नास अंध मुले’ एवढेच लिहिले की समोरचा सगळ्यांसाठी ब्रेल धरतो. प्रत्यक्षात त्यातल्या वीस मुलांना भिंग, मोठा टाइप आणि चांगला टेबल लॅम्प हवा असतो.

सगळ्या मुलांकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे राष्ट्रीय ओळखपत्र) नाही. मग त्यांना मोजायचे की नाही?

सरकारी योजनेत किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसलेले मूल लाभार्थी म्हणून धरले जात नाही. कंपन्या आणि खासगी न्यास थोडे सैल असतात. प्रस्तावात दोन आकडे वेगळे दाखवा : कार्ड असलेली मुले आणि अर्ज केलेली मुले. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून पुण्यात ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. बाळाची श्रवणचाचणी बेराने (आवाजाला मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी चाचणी) करावी लागते, कारण ते ‘ऐकू आले’ असे सांगू शकत नाही. या चाचणीसाठी बाळ झोपलेले असावे लागते. म्हणून पालकांना एका दिवसात काम होईल असे सांगू नका. दुर्गम तालुक्यातून येणाऱ्या पालकांचा एसटीचा प्रवास आणि बुडालेली मजुरी धरून प्रति मूल दोन फेऱ्यांचा खर्च अंदाजपत्रकात घाला. तो मागायला कोणी लाजू नये.

केंद्राची दीनदयाळ योजना आमच्यासाठी आहे का? अर्ज कसा जातो?

दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना ही केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाची योजना आहे. विशेष शाळा, शाळापूर्व आणि शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अल्पदृष्टी केंद्र, घरी जाऊन पुनर्वसन असे ठरावीक नमुना प्रकल्प तिच्यात आहेत. मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते, उरलेला वाटा संस्थेचा. संस्था नोंदून किमान दोन वर्षे झालेली असावीत.

अर्ज ई-अनुदान पोर्टलवर भरतात. क्रम असा : आधी दर्पण आयडी, मग पोर्टलवर संस्थेचे प्रोफाइल, मग प्रकल्पाचा अर्ज, मग जिल्हा पातळीवरची तपासणी, राज्याची शिफारस आणि शेवटी केंद्राची मंजुरी. तपासणीला येणारा अधिकारी हजेरीपत्रक, मुलांची प्रत्यक्ष संख्या, शिक्षकांची प्रमाणपत्रे, स्वच्छतागृह, रॅम्प आणि कॅशबुक पाहतो. शनिवारी, सणाच्या आदल्या दिवशी किंवा सुट्टीच्या तोंडावर तपासणी झाली की मुले कमी दिसतात आणि तोच आकडा अहवालात जातो. गावी गेलेल्या मुलांचे रजेचे अर्ज फाइलला लावलेले असले तर बोलायला आधार राहतो.

सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. मंजुरी आणि हप्ता यांत महिने जातात, आणि शिक्षकांचे पगार मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. किमान सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम हाताशी नसताना फक्त या योजनेच्या भरवशावर शाळा उघडू नका. शाळा मध्येच बंद पडली तर मुलांची वर्षे वाया जातात.

राज्य शासनाचे अनुदान नव्या शाळेला मिळते का?

राज्यात २०२२ पासून दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग आहे, आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. पुणेकर संस्थांसाठी ही सोयच. अनुदानित शाळांना वेतन अनुदान आणि वेतनेतर अनुदान मिळते. निवासी शाळांना मुलांच्या परिपोषणासाठी रक्कम मिळते. नवी शाळा मात्र विनाअनुदानित तत्त्वावरच मान्यता मागते, असे धरून नियोजन करा. ‘पुढे अनुदानावर येईल’ या आशेवर शिक्षकांना तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे ठेवू नका. त्यातून चांगले विशेष शिक्षक हे क्षेत्र सोडून जातात.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या पाच टक्के निधीतून काय मिळू शकते?

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा पाच टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका, जिल्हा परिषद, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायती, सगळ्यांना हे लागू आहे. बहुतेक रक्कम थेट लाभार्थ्याला जाते, संस्थेला नाही. म्हणून तुमचे काम अर्ज करून देण्याचे : मुलाचा रहिवासी दाखला, यूडीआयडी, पालकाचे संयुक्त बँक खाते, शाळेचा बोनाफाइड दाखला. मूल ज्या हद्दीत राहते त्याच संस्थेकडे अर्ज करायचा असतो, शाळा जिथे आहे तिथे नाही. वाघोली, मांजरी, आंबेगाव यांसारखी गावे महापालिकेत आल्यापासून या मुद्द्यावर बरेच अर्ज चुकीच्या टेबलावर जातात.

ग्रामपंचायतीकडे मात्र जरूर जा. गावातल्या दोन कर्णबधिर मुलांसाठी श्रवणयंत्राचे सेल आणि मोल्ड (यंत्राचा कानाच्या मापाचा, कानात बसणारा भाग) या निधीतून घ्यावेत, असा ग्रामसभेचा ठराव करता येतो. रक्कम छोटी असते, पण ती दरवर्षी मिळू शकते.

कंपन्यांकडे कसे जावे? आम्हाला ‘पाच टक्क्यांपेक्षा जास्त प्रशासकीय खर्च चालणार नाही’ असे सांगितले जाते.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटी नक्त मूल्य, १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. परिशिष्ट सातमध्ये ‘विशेष शिक्षण’ असा थेट उल्लेख आहे. तो तुमच्या प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर यायला हवा. कायदा स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यायला सांगतो, म्हणून चाकण, रांजणगाव, हिंजवडी अशा ठिकाणच्या कंपन्यांना त्यांच्या कारखान्याभोवतीच्या गावांतली मुले दाखवा.

पाच टक्क्यांबद्दलचा गैरसमज फार पसरला आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर होणारा खर्च तिच्यात धरला जात नाही, आणि तुमच्या संस्थेच्या खर्चाला ती लागू नाही. विशेष शिक्षक, वाचा उपचारतज्ज्ञ, ब्रेल मुद्रितशोधक यांचे पगार म्हणजेच प्रकल्प. ते ‘प्रशासन’ या रकान्यात टाकलेत तर ते कापले जातील आणि चूक तुमची असेल. त्यांना ‘मुलांना थेट सेवा’ या शीर्षकाखाली ठेवा, प्रत्येकाचे आठवड्याचे तास आणि त्याच्याकडची मुले लिहा.

आणखी दोन गोष्टी. सीएसआरच्या पैशातून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती सीएसआर नोंदणी असलेल्या संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर हवी. भाड्याच्या इमारतीत लिफ्ट बसवायचा प्रस्ताव इथेच अडतो. आणि कंपनीला जमत असेल तर बहुवर्षीय प्रकल्प मागा. कायद्याने सुरुवातीचे वर्ष सोडून पुढची तीन वर्षे देता येतात. फेब्रुवारीत फोन करून ‘मार्चपूर्वी रक्कम संपवायची आहे’ म्हणणाऱ्या कंपनीकडून फक्त वस्तू घ्या. तिच्या भरवशावर माणसे नेमू नका.

परदेशातून देणगी येणार आहे. खात्यात घेता येईल का?

एफसीआरए (परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही नाही. नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि त्या काळात मूळ उद्दिष्टांवर १५ लाख रुपये खर्च झालेला असावा. रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच येते. प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ही मात्र संस्थेवरच आहे. आलेला निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे एफसीआरए आहे, आम्ही घेऊन तुम्हाला देतो’ असे कोणी म्हटले तर नम्रपणे नाही म्हणा.

श्रवणयंत्रांसाठी अंदाजपत्रक कसे बांधावे?

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून सविस्तर.

वीस मुलांचा वर्ग धरू. दोन्ही कानांना मिळून चाळीस यंत्रे. बहुतेक प्रस्ताव इथेच संपतात. वाटपाचा कार्यक्रम होतो, आणि सहा महिन्यांनी निम्मी यंत्रे डब्यात पडलेली असतात. मुले आळशी नसतात आणि पालकही निष्काळजी नसतात. बहुतेकदा मोल्ड सैल झालेला असतो.

मुलाचा कान वाढतो. मोल्ड सैल झाला की आवाज बाहेर फुटून यंत्र शिट्टी मारते. मग आई आवाज कमी करते किंवा मूल यंत्र काढून ठेवते. पाच वर्षांखालच्या मुलाला साधारण दर तीन महिन्यांनी नवा मोल्ड लागतो, मोठ्या मुलाला वर्षातून एकदा. वीसपैकी सहा मुले पाच वर्षांखालची असतील तर वर्षाला ६ × २ × ४ = ४८ मोल्ड, उरलेल्या चौदांचे १४ × २ = २८, एकूण ७६. ही ओळ अंदाजपत्रकात हवीच.

सेलचे गणित असे. १३ नंबरचा झिंक-एअर सेल दिवसभर वापरात साधारण आठ ते चौदा दिवस टिकतो. दहा दिवस धरले तर एका यंत्राला वर्षाला ३७ सेल, चाळीस यंत्रांना १,४८०, म्हणजे सहाच्या सुमारे २४७ पट्ट्या. जास्त शक्तीच्या यंत्रांना ६७५ नंबरचा मोठा सेल लागतो. वर्षभराचा साठा एकदम घेऊ नका, मुदत पाहून तिमाही खरेदी करा. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यावी आणि मगच सेल बसवावा, हे पालकांना हातात देऊन दाखवा.

पुण्याच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर यंत्रात ओल शिरते आणि आवाज खरखरतो. प्रत्येक यंत्रामागे सिलिका जेलची एक डबी आणि जेल बदलण्याचा खर्च धरा. त्याशिवाय एकूण यंत्रांच्या दहा टक्के म्हणजे चार यंत्रे बदली म्हणून शाळेत ठेवा. यंत्र दुरुस्तीला गेले की मूल तीन आठवडे काहीच ऐकत नाही, आणि ते तीन आठवडे भाषा शिकण्याच्या वयातले असतात.

ऑडिओलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) यंत्र ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखाप्रमाणे, प्रोग्रॅम करणे आणि पहिल्या वर्षात किमान चार फेरतपासण्या करणे यांचा वेगळा खर्च लिहा. तीन दरपत्रके मागवताना ‘यंत्र + मोल्ड + फिटिंग + एक वर्षाची सेवा’ अशी एकाच साच्यात मागवा, म्हणजे तुलना खरी होते.

वर्गाकडेही पाहा. पंख्याची घरघर, रस्त्यावरची वाहने आणि खुर्च्या सरकण्याचा आवाज यंत्र सारखाच मोठा करते. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, खिडक्यांना जाड पडदे आणि भिंतीला फेल्टचे फलक लावले की फरक पडतो. एका यंत्राच्या किमतीत अख्खा वर्ग शांत होतो. ही मागणी फारच कमी प्रस्तावांत दिसते.

दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतूनही यंत्रे मिळतात. ती आधी तिकडून मिळवा आणि देणगीदाराकडे मोल्ड, सेल, सेवा मागा. एकाच कामासाठीचे साधन पुन्हा घ्यायला एडिपमध्ये तीन वर्षांचे बंधन आहे, पण बारा वर्षांखालच्या मुलांना ते एकच वर्ष आहे.

कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवणसाधनासाठी) निधी गोळा करावा का?

शस्त्रक्रियेसाठी आधी एडिप आणि इतर सरकारी मार्ग तपासा. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही एडिपच्या इम्प्लांटसाठी नोडल संस्था आहे. जन्मतः कर्णबधिर बाळाच्या बाबतीत वय हाच कळीचा मुद्दा, कारण उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेचा भाषेला फार कमी उपयोग होतो.

देणगीदाराकडे मागायचे ते शस्त्रक्रियेनंतरचे. किमान दोन वर्षांची नियमित वाचा आणि श्रवण उपचारपद्धती, मॅपिंगसाठीचा (इम्प्लांटचा आवाज मुलाला जुळवून घेण्यासाठीचा) प्रवास, वॉरंटी संपल्यावरची केबल, कॉइल आणि बॅटऱ्या. कॉइलची वायर तुटली आणि घरात पैसे नाहीत, म्हणून लाखो रुपयांचे इम्प्लांट बंद पडून आहे, असे होऊ देऊ नये. दहा मुलांमागे एक छोटा ‘सुटे भाग निधी’ ठेवा.

ब्रेल पुस्तकांसाठी किती कागद आणि किती माणसे धरायची?

छापील एका पानाची ब्रेलमध्ये साधारण अडीच ते तीन पाने होतात. शंभर पानांचे पुस्तक म्हणजे तीनशे ब्रेल पाने, दोन्ही बाजूंनी उठवली तर १५० कागद. दहा मुले, प्रत्येकी पाच पुस्तके : १० × ५ × १५० = ७,५०० कागद. त्यावर दहा टक्के वाया जाणारे धरा. कागद १२० ते १६० जीएसएमचा हवा. झेरॉक्सच्या ७५ जीएसएमच्या कागदावर ठिपके दोन वाचनांत बसतात. ब्रेल पुस्तके आडवी रचू नका, खालच्या पुस्तकांचे ठिपके चेपतात. उभी ठेवायला खोल कपाट लागते. त्याचाही खर्च लिहा, आणि पावसाळ्यासाठी कोरडी खोली दाखवा.

मजकूर तयार करणे हे खरे वेळखाऊ काम. अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांकडून पुस्तकाची फाइल मिळाली तरी ती बहुतेकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असते. ब्रेल सॉफ्टवेअरला ती कळत नाही, आणि पीडीएफमधून उचललेला मजकूर जोडाक्षरांपाशी मोडतो. म्हणून टंकलेखक, मग चित्रे-तक्त्यांचे वर्णन लिहिणारा शिक्षक, मग मुद्रितशोधन. ब्रेल मुद्रितशोधन दोघांनी करायचे असते : अंध मुद्रितशोधक बोटांनी वाचतो आणि डोळस जोडीदार मूळ प्रत पाहतो. अंध मुद्रितशोधकाला पूर्ण पगार द्या. अंध मुलांना आपल्यासारखा एक माणूस कामावर दिसणे हेही शिक्षणच आहे. दिव्यांगांना वाचता येतील अशा प्रती ना-नफा तत्त्वावर करायला २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदा मुभा देतो. टंकलेखन सुरू करण्यापूर्वी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात ते पुस्तक आधीच आहे का, ते पाहा.

एम्बॉसर (ब्रेल छापणारे यंत्र) मागण्यापूर्वी विचार करा. तो महाग असतो, आवाज करतो, आणि दुरुस्ती करणारा जवळ मिळत नाही. चाळीस मुलांच्या शाळेला बाहेरून छापून घेणे बहुधा स्वस्त पडते. त्याऐवजी दोन मुलांमागे एक ब्रेलर (ब्रेल टाइप करायचे यंत्र), प्रत्येकाला ब्रेल पाटी आणि स्टायलस, गणितासाठी टेलर फ्रेम आणि अबॅकस, आणि मोठ्या मुलांना पांढरी काठी मागा. ती उंचीप्रमाणे बदलावी लागते. ब्रेलर वर्षातून एकदा साफ करून तेलपाणी केले नाही तर कळा अडकतात, म्हणून सर्व्हिसिंगची ओळ विसरू नका.

संगणक प्रयोगशाळा मागू का?

मागा, पण स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) पैसे घालवू नका. एनव्हीडीए मोफत आहे आणि मराठीही वाचतो. पैसा हवा तो शिकवणाऱ्यासाठी आणि प्रत्येक मुलाच्या हेडफोनसाठी.

बहिरी-अंध मुले आमच्याकडे आहेत. त्यांचा वेगळा प्रस्ताव करावा का?

हो, नक्की करा. अशा मुलाला एका शिक्षकामागे फार तर दोन मुले असे प्रमाण लागते, कारण संवाद हाताच्या स्पर्शातून होतो. सामान्य विशेष शाळेच्या प्रति मूल खर्चात हे मूल बसत नाही. तसे बसवले तर ते वर्गात नुसते बसून राहते. एक फायदाही आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ फक्त अंध किंवा फक्त कर्णबधिर मुलांना लागू नाही, पण बहुदिव्यांगत्व असलेल्यांना लागू आहे. त्यामुळे त्यांना निरामय योजनेतून एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळू शकतो.

नियमित शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी काही आहे का?

समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या प्रति मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते, आणि मुलींना दरमहा २०० रुपये भत्ता दहा महिने मिळतो. ही रक्कम शासनयंत्रणेतून खर्च होते. शाळेच्या यू-डायस (शाळांची सरकारी माहितीप्रणाली) नोंदीत मुलाचे दिव्यांगत्व नोंदलेले नसेल तर ते मूल हिशेबातच येत नाही, म्हणून मुख्याध्यापकांकडून नोंद तपासून घ्या. तुमच्या संस्थेने फिरता शिक्षक मागावा. एक शिक्षक आठवड्यातून एकदा भेटी देऊन पंधराएक मुले नीट सांभाळू शकतो. मुले मुळशी, राजगड (पूर्वीचे वेल्हे), भोर अशा डोंगरी तालुक्यांत विखुरलेली असतील तर आठ-दहाच धरा आणि पेट्रोल लिहा.

सांकेतिक भाषेसाठी निधी मागितला तर मुले बोलायला शिकणार नाहीत, असे पालक म्हणतात.

ही भीती मनापासूनची असते, पण ती खरी नाही. मुलाला लवकर एखादी पूर्ण भाषा मिळणे महत्त्वाचे, मग ती हातांची असो वा ओठांची. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा कोश केला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही या भाषेच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख आहे. प्रस्तावात कर्णबधिर प्रौढ प्रशिक्षकाचे मानधन आणि पालकांसाठी शनिवारचे वर्ग लिहा. घरात कोणालाच खुणा येत नसतील तर मूल शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प राहते.

सामान्य देणगीदारांकडून रोख घ्यावी का?

दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत मिळत नाही. चेक किंवा ऑनलाइन घ्या, देणाऱ्याचा पॅन घ्या आणि देणग्यांचे विवरण ३१ मेपर्यंत भरा, नाहीतर त्याला प्रमाणपत्र देता येत नाही.

उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) कधी आणि कसे द्यायचे?

केंद्राच्या अनुदानासाठी जीएफआर १२-ए हा नमुना आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत असली तरी मे-जूनमध्येच देऊन टाका, कारण पुढचा हप्ता त्यावर अडतो. अनुदानासाठी वेगळे बँक खाते ठेवा. त्यावर मिळालेले व्याज संस्थेचे नसते, ते परत करायचे असते. लेखापरीक्षणात सर्वांत जास्त आक्षेप याच ओळीवर निघतात. अनुदानातून घेतलेले ब्रेलर, ऑडिओमीटर, फर्निचर यांची वेगळी नोंदवही ठेवा, प्रत्येक वस्तूवर क्रमांक रंगवा. परवानगीशिवाय ती विकता किंवा मोडीत काढता येत नाहीत.

एका शीर्षकाचे पैसे दुसऱ्यावर खर्च करायची वेळ आली तर खर्चापूर्वी पत्र लिहा. नंतर लिहिलेल्या पत्राला किंमत नसते.

देणगीदाराला मुलांचे फोटो आणि यूडीआयडी क्रमांक हवे आहेत. द्यावेत का?

फोटो पालकांच्या लेखी संमतीनेच द्यावा, आणि संमती मराठीत, पालकाला वाचून दाखवून घ्यावी. अंध मुलाला आपला फोटो काढला जातो आहे हे दिसत नाही. म्हणून त्याला आधी सांगा आणि तो नाही म्हणाला तर थांबा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. अहवालात यूडीआयडी क्रमांक, आजाराचे तपशील आणि घरचा पत्ता घालू नका. मुलांना संस्थेतला अनुक्रमांक द्या, आणि मूळ यादी देणगीदाराच्या लेखापरीक्षकाला कार्यालयात बसूनच दाखवा.

प्रस्ताव नाकारला गेला. पुन्हा कधी पाठवावा?

आधी कारण लेखी मागा. सरकारी पोर्टलवर शेरा दिसतो. कंपनीला एक विनम्र ईमेल पुरतो. कारण कागदांचे असेल तर दुरुस्त करून लगेच पाठवा. रकमेचे असेल तर प्रकल्प लहान करा, पण मोल्ड, सेल, सर्व्हिसिंग आणि शिक्षकांचे तास कापू नका. मुलांची संख्या कमी करा. वीस मुलांना अर्धवट देण्यापेक्षा बारा मुलांचा पूर्ण वर्षाचा खर्च मागितलेला बरा. उरलेल्या आठ मुलांची नावे पुढच्या अर्जासाठी त्याच दिवशी वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.